पैसे पक्के झाल्याशिवाय किल्ली नाही

जुनी गाडी विकून टाकावी, असा ठराव निरीक्षकांच्या घरी एका रविवारी सकाळी एकमताने मंजूर झाला. सभेला निरीक्षक आणि त्यांची बायको असे दोघेच हजर होते. त्यातल्या बायकोने गेली तीन वर्षं हाच ठराव दर रविवारी मांडला होता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, बोटाने हळूच दाबलेला काटा, सगळं त्यांनी पकडलं होतं. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी ते दुकानात शिरले की दुकानदार आपोआप दोन दाणे जास्त टाकायचा. निरीक्षक ते दोन दाणे परत द्यायचे. जास्त वजन हेसुद्धा चुकीचंच वजन.

गाडी चौदा वर्षांची, राखाडी रंगाची. इंजिन ठणठणीत. दुसरा गिअर तेवढा चढावर सटकायचा, मग दांडी गुडघ्याने दाबून धरावी लागायची. आणि धावलेल्या किलोमीटरचा आकडा वयाच्या मानाने लहान होता, कारण मीटर मध्यंतरी दोन वर्षं बंद होता. इंटरनेटवरच्या जाहिरातीच्या फॉर्ममध्ये रंग, वर्ष, इंधन, आकडा असे रकाने होते. सटकणाऱ्या गिअरसाठी रकाना नव्हता. फॉर्म भरण्याच्या बाबतीत निरीक्षक अत्यंत सचोटीचे. जे विचारलंय तेवढंच लिहायचं.

"आणि ते मीटरचं?" बायकोने विचारलं.

"मीटर खोटं बोललेला नाही," निरीक्षक म्हणाले. "तो काही काळ गप्प होता."

जाहिरात सकाळी अकराला लागली आणि पावणेबाराला गिऱ्हाईक आलं. हे गृहस्थ आपण जहाजावर अभियंता असून सध्या भर समुद्रात असल्याचं कळवत होते. गाडी न बघताच त्यांना पसंत होती. किंमत एक लाख चाळीस हजार होती. ते एक लाख सत्तर पाठवणार होते. वरचे तीस हजार निरीक्षकांनी त्यांच्या वाहतूकदाराला द्यायचे, तो येऊन गाडी घेऊन जाईल. निरीक्षकांचे डोळे भरून आले. एकतीस वर्षं कमी देणारी माणसं बघितली, आज पहिल्यांदा जास्त देणारा भेटला. पैसे पाठवल्याचा फोटोही लगोलग आला. निरीक्षक वाहतूकदाराचा खातेक्रमांक वहीत उतरवून घेत असतानाच जावयाचा फोन आला.

जावई विमा कंपनीत होता. माणसं किती प्रकारांनी नुकसान करून घेतात, हे मोजण्याचाच त्याला पगार मिळायचा. निरीक्षकांनी त्याला जहाजावरच्या गिऱ्हाइकाचं सगळं कौतुकाने सांगितलं.

"बाबा, एक पैसा पाठवू नका. तुमचे तीस हजार गेले की त्याचे एक लाख सत्तर हवेत विरणार."

"अरे, पण त्याने पैसे पाठवल्याचा फोटो आलाय."

"फोटोत पैसे नसतात, बाबा. फोटोत फोटो असतो."

निरीक्षकांना हे फार लागलं. ज्याने शहरभरातलं मेण खरवडून काढलं, त्याच्याच काट्याखाली कुणीतरी बोट घालत होतं! संध्याकाळी जावयाने खासगी गाडीविक्रीत पैसे सुरक्षितपणे कसे घ्यावेत याचे सतरा नियम पाठवले. नियम शहाणपणाचे होते. भरदिवसा भेटा. व्यवहार बँकेत करा. मोबाइलवरच्या निरोपावर विसंबू नका, खातं स्वतः उघडून बघा. आलेला गुप्त आकडा कुणाला सांगू नका. पैसे पक्के झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. निरीक्षकांनी ते तीनदा वाचले, त्यांत खात्याच्या अनुभवाची भर घातली आणि जेवणाच्या आत नियम एकोणतीस केले. शिवाय एक रक्कमस्वीकृती समिती स्थापन केली. स्वतः अध्यक्ष, बायको सभासद.

"मला काय करायचं असतं?" बायकोने विचारलं.

"साक्षीदार म्हणून उभं राहायचं."

"म्हणजे नेहमीचंच," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

खरं गिऱ्हाईक गुरुवारी आलं. पन्नाशीची बाई, धिप्पाड, हातात मोठी चामडी बॅग, कोटाला उलटं टाचलेलं घड्याळ. त्या सुईण होत्या. शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये घरी जाऊन बाळंतपणं करायच्या. त्यांची गाडी महिन्यापूर्वी कायमची बसली होती, तेव्हापासून बस आणि पाय. "या महिन्यात दोन बाळं माझ्या आधी पोचली," त्या म्हणाल्या. "बाळाला बसचं वेळापत्रक कळत नाही हो."

त्यांनी गाडीची एक चक्कर मारली. शेजारी निरीक्षक, मांडीवर कागद लावलेली पाटी. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर दुसरा गिअर खाडकन बाहेर आला.

"हा सटकतो का हो?" सुईणबाईंनी विचारलं.

निरीक्षकांचा गुडघा सवयीने दांडीकडे निघाला होता, तो त्यांनी मागे घेतला. "नवीन हात लागला की गाडी जरा बुजते," ते म्हणाले. "सवय होईल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," सुईणबाई म्हणाल्या, आणि घरी परतल्यावर लगेच, "एक लाख चाळीस ना? ठीक आहे, घेते."

निरीक्षकांचं पेन थांबलं. नियम नऊ: जो खरेदीदार भाव करत नाही, तो संशयास्पद समजावा.

"तुम्ही काहीच घासाघीस करणार नाही?"

"करायला हवी का?"

"नियम आहे."

सुईणबाईंनी निरीक्षकांच्या बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच, करून टाका, असं सांगितलं.

"बरं मग, एक लाख पस्तीस."

"अजिबात परवडणार नाही!" निरीक्षक उसळून म्हणाले.

"मग एक लाख चाळीस."

घासाघीस समाधानकारक झाल्याची नोंद घेण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सुईणबाई पैसे घेऊनच आल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, दोऱ्याने बांधलेल्या दोनशे ऐंशी नोटा. निरीक्षकांनी त्या मोजल्या, उजेडात धरल्या, भिंगातून पाहिल्या, आणि शेवटी निरोपसमारंभात मिळालेला पितळी तराजू काचेच्या पेटीतून बाहेर काढला. त्यांनी नोटा तोलल्या. कपाळाला आठी पडली.

"सव्वा ग्रॅम कमी आहे."

"वापरलेल्या नोटा आहेत," सुईणबाई म्हणाल्या. "हाताळून झिजल्या असतील."

"झीज ग्राह्य धरता येत नाही."

"तुमच्या गाडीची धरलीय ना त्यांनी," बायको म्हणाली. सभासदाला मत आहे, पण ते अध्यक्षांच्या परवानगीने मांडायचं असतं, याची निरीक्षक तिला आठवण करून देत असतानाच सुईणबाईंचा फोन वाजला. त्या उठल्याच. "पहिलटकरीण आहे, पाणी गेलंय. मी पळते. पैसे राहू देत इथेच, निवांत तोला!" आणि बॅग उचलून त्या गेल्यासुद्धा.

डबा टेबलावर उघडाच राहिला. निरीक्षक त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकले.

"पैसे टाकून गेली! असं कोण करतं?"

"ज्याला घाई असते तो."

"किंवा ज्याला आपल्याला अडकवायचं असतं तो! उद्या म्हणेल, दोन लाख ठेवले होते." त्यांना डबा घरात ठेवणं धोक्याचं वाटलं, बाहेर ठेवणं त्याहून धोक्याचं. शेवटी त्यांनी त्याला सुतळी गुंडाळून लाखेचा ठसा मारला, बायकोला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि दोघं सुईणबाईंच्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. दोन तासांनी त्या आल्या, चेहरा दमलेला पण उजळलेला. मुलगी झाली होती. निरीक्षकांनी अभिनंदन केलं, डबा परत दिला आणि एका कागदावर सही मागितली. ती पैसे न मिळाल्याची पावती होती.

"न मिळालेल्या पैशांची पावती?"

"मिळालेल्यांची कुणीही देतो," निरीक्षक म्हणाले.

सुईणबाईंनी दारातच उभ्याने सही केली. आता उरलं होतं ते फक्त बँकेत जाणं.

पुढच्या बुधवारी बँकेत भरदिवसा, दोन साक्षीदारांसमोर, सुईणबाईंनी डब्यातले पैसे आधी स्वतःच्या खात्यात भरले आणि तिथून निरीक्षकांच्या खात्यात एक लाख चाळीस हजार पाठवले. निरीक्षकांच्या फोनवर निरोप वाजला. त्यांनी तो वाचलाही नाही, नियमच होता. त्यांनी खिडकीवर जाऊन पासबुक छापून घेतलं. रक्कम छापून आली होती.

"हे पैसे आले, असं समजायचं ना?" त्यांनी खिडकीमागच्या बाईंना विचारलं.

"जमा दिसतायत."

"दिसतायत की आहेत?"

बाईंनी चष्मा खाली घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. "दिसतायत तोवर आहेत."

"पक्के आहेत असं लिहून द्याल?"

"बँक असं लिहून देत नाही."

निरीक्षकांना बँकेबद्दल आदर वाटला आणि व्यवहाराबद्दल चिंता. ते शाखाधिकाऱ्यांकडे गेले. एक लाख चाळीस हजार पक्के आहेत का, मागे फिरतील का, फिरल्यास किती दिवसांत, आणि पाठवणारीची आणखी कोणती नावं बँकेला माहीत आहेत, असे अकरा प्रश्न त्यांनी विचारले. शाखाधिकारी सावध माणूस होता. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पैसे आल्याबद्दल कुणी एवढी काळजी केली नव्हती. त्याने संगणकात डोकावून पाहिलं. निवृत्तिवेतनाचं खातं, एकाच अनोळखी बाईकडून अचानक मोठी रक्कम, आणि खातेदार घामाघूम. त्याने एक कळ दाबली.

"तुमच्या सुरक्षिततेसाठी तुमचं खातं गोठवलंय," तो सौजन्याने म्हणाला.

"माझं? माझं का? पैसे माझ्याकडे आलेत!"

"म्हणूनच. हा फॉर्म भरा."

फॉर्मवर एक्केचाळीस प्रश्न होते. निरीक्षकांनी ते वाचले आणि त्यांना हेवा वाटला, कारण प्रश्न चांगले होते. त्यांच्या एकोणतीस नियमांपेक्षाही चांगले.

"रक्कम पाठवणाऱ्या व्यक्तीला किती वर्षं ओळखता?" शाखाधिकारी विचारू लागला.

"सहा दिवस."

"मग तिने एवढी रक्कम का पाठवली?"

"गाडीसाठी."

"गाडी तिला दिलीत?"

"छे! पैसे पक्के झाल्याशिवाय किल्ली नाही."

"पैसे पक्के करायला गाडी दिल्याचा पुरावा लागेल."

निरीक्षकांची बायको बाकावर बसली आणि तिने पर्समधून विणकाम काढलं. तिचा अंदाज बरोबर होता. बुधवारचा गुरुवार झाला, गुरुवारचा सोमवार. त्या महिन्याचं निवृत्तिवेतनही त्याच खात्यात येऊन गोठलं. सुईणबाई रोज दहा वाजता बसने बँकेत यायच्या, बाकावर बसायच्या, फोन आला की बसने जायच्या. त्यांचे पैसे निरीक्षकांच्या खात्यात होते, निरीक्षकांचं खातं बँकेच्या ताब्यात होतं, आणि गाडी दारात उभी होती. प्रत्येकाजवळचं सगळं सुरक्षित होतं.

सोमवारी शाखाधिकाऱ्याने वाट काढली. पाठवणाऱ्या व्यक्तीने स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या सचोटीबद्दल लेखी दाखला दिल्यास खातं मोकळं करता येत होतं. छापील नमुना होता. 'सदर व्यक्ती माझ्या माहितीप्रमाणे प्रामाणिक असून माझी कोणतीही फसवणूक झालेली नाही.'

निरीक्षकांना संताप आला. एकतीस वर्षं ज्याने शहराच्या प्रामाणिकपणावर शिक्के मारले, त्याला दाखला लागावा, आणि तोही तिच्याकडून! पण सुईणबाईंनी पेन आधीच काढलं होतं.

"वाचून तरी घ्या," शाखाधिकारी म्हणाला. "ही जबाबदारी असते."

"वाचायचं काय त्यात? कटकटे आहेत, पण माणूस चोख आहे. पैसे घरात पडलेले असताना ठसा मारून परत आणून दिले त्यांनी."

त्या सही करत होत्या तेवढा वेळ निरीक्षकांचं तोंड उघडं होतं. सांगावं, असं त्यांना खरोखर वाटलं. दोनच वाक्यं होती: चढावर दांडी गुडघ्याने धरा, आणि मीटरवर विसंबू नका. पण पैसे अजून पक्के व्हायचे होते, आणि असं काही सांगितल्यावर कोण सही करेल? सुईणबाईंनी टोपण लावलं. निरीक्षकांनी तोंड मिटलं.

दहा मिनिटांत खातं मोकळं झालं. बँकेच्या दारात, सूर्यप्रकाशात, किल्ली देतानाचे चार बाजूंनी चार फोटो काढण्यात आले. सुईणबाई गाडीत बसल्या, बॅग शेजारी ठेवली, हात हलवला आणि गेल्या.

"गुडघ्याचं सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"व्यवहार पूर्ण झाला," निरीक्षक म्हणाले.

बारा दिवसांनी, दुपारी जेवायच्या आधी, दाराची घंटा वाजली. सुईणबाई चालत आल्या होत्या. बुटांना वाळलेला चिखल, डाव्या कोपराला पट्टी. बायकोने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. निरीक्षक उभेच राहिले.

खाणीपलीकडच्या वस्तीत त्या निघाल्या होत्या. मधल्या चढावर दुसरा गिअर सटकला आणि मग कुठलाच पडेना. गाडी मागे घरंगळत दगडी कठड्याला टेकली. बॅग घेऊन त्या उरलेला चढ पायी चढल्या, फोन कानाला लावून, धापा टाकत, त्या बाळाच्या बापाला एकेक गोष्ट सांगत. नाळ कुठे धरायची, टॉवेल कसा गुंडाळायचा. त्या पोचल्या तेव्हा बाप जमिनीवर बसून रडत होता आणि बाळ त्याच्या शर्टात होतं. दोघंही खुशाल, म्हणजे आई आणि बाळ. बापाला मात्र साखरेचं पाणी द्यावं लागलं.

निरीक्षकांनी घसा साफ केला. "एकदा स्वीकारलेली रक्कम..."

"पैसे मागायला नाही आले मी," सुईणबाई म्हणाल्या. "मेकॅनिक म्हणतो, हे दुखणं जुनं आहे, आधीच्या मालकाला माहीत असणारच. मीटरही बदललाय म्हणतो की बंद होता, काहीतरी. मी त्याला म्हटलं, नाही रे, ते तसले नाहीत, मी लिहून दिलंय बँकेत. त्यावर तो हसला. तर एवढंच सांगा, त्याला मी काय सांगू?"

निरीक्षकांकडे आता नियम तेहतीस झाले होते, पण यावर एकही नव्हता.

बायको उठली, आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाकीट होतं.

"मेकॅनिक किती म्हणाला?"

"बावीस हजार."

"यात पंचवीस आहेत. कठड्याचा मार वेगळा निघेल. आणि त्याला सांगा, मालकाला माहीत होतं. मालकिणीलाही होतं."

"अगं, समितीची सभा न घेता..." निरीक्षक म्हणाले.

"सभा झाली. तुम्ही गैरहजर होतात."

सुईणबाईंनी पाकीट घेतलं. मान हलवून त्यांनी ते न उघडता बॅगेत टाकलं, हातमोज्यांच्या शेजारी. निरीक्षकांना ते पाहवेना.

"अहो, मोजून तरी घ्या!"

सुईणबाई दारात थांबल्या. "यांनी दिलेत ना?" त्या म्हणाल्या, बायकोकडे बोट दाखवून, आणि पायऱ्या उतरल्या.

त्या दुपारी निरीक्षकांना जेवण गेलं नाही. ते खोलीत जाऊन बसले आणि त्यांनी वही उघडली. हातून काय घडलं हे त्यांना नीट कळलं होतं, आणि असलं काही पुन्हा कधीही घडू नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून त्यांनी नियम चौतीस लिहिला: 'विक्रेत्याने खरेदीदाराकडून सचोटीचा दाखला घेऊ नये. पुढे मनस्ताप होतो.'

मग बँकेच्या फॉर्ममधले सहा चांगले प्रश्न जोडून त्यांनी चाळीस नियम स्वच्छ अक्षरात उतरवले आणि जावयाला पाठवले. जावयाने ते कार्यालयात पाठवले, कार्यालयाने शहरात, आणि शहराने सगळीकडे. आजवर ते काही लाख लोकांपर्यंत पोचलेत. तुमच्याकडेही आले असतील; तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून ते आणखी पाच जणांना धाडले असतील. निरीक्षकांना रोज आभाराचे निरोप येतात. गाडी कशी आहे हे खरेदीदाराला सांगावं, असं त्या चाळिसांत कुठेच लिहिलेलं नाही, असं कळवणारा निरोप मात्र अजून एकही आलेला नाही.